एम.एस्सी.चा कौल

माळेगावची माणसं सोमवारी सुपारी फोडायला येणार, हे सरुबाईनं परस्पर ठरवून टाकलं आणि मग शनिवारी संध्याकाळी ती पिशवी घेऊन कळंबला माहेरी येऊन थडकली. आमच्या सरुबाईचं हे असंच. लग्न जुळवायचं म्हटलं की तिला तहानभूक राहत नाही. स्थळ चांगलं होतं, त्यात वाद नाही. महिपती नाव, बी.ए. झालेला, कारखान्यात कायम, घरचा बागायत ऊस. पण पोराच्या आईनं एक अट घातली होती, ती सरुबाईनं दारात पाय धुता धुताच सांगून टाकली.

"पोरगी पोराएवढी शिकल्याली चालंल, म्हणली. वर एक इयत्ता बी नको."

घरात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण घरात आठ दिवस झाले, भलतंच चाललं होतं. सरुबाईच्या भावाची, दादासोची, थोरली मुलगी सुकन्या बारामतीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती, पहिल्या वर्गात. पुण्याला एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. बुधवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा गेली. दिवसातून चार वेळा ती बापापुढं जाऊन उभी राहायची, "दादा, काय ठरवलंसा?" म्हणून विचारायची, आणि दादासो म्हणायचा, "बघू."

दादासोला ऊस कुठल्या जातीचा लावायचा, खत कधी घालायचं, हे कुणी सांगायला नको. पण माणसाच्या बाबतीत हो की नाही म्हणायची वेळ आली की हा गडी गोठ्यात जाऊन बसतो. गाई एवढ्या स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या नसतील पंचक्रोशीत.

"वर एक इयत्ता म्हंजी?" सुकन्यानं विचारलं. "मी एम.एस्सी. केली तर त्यास्नी काय तरास हाय?"

"तरास कसला? नवऱ्याला दबून ऱ्हाशील का मंग तू?"

"आत्या, मी आत्ता तरी कुणाला दबती व्हय?"

"तेच तर म्हणती मी! आत्ताच ही तऱ्हा, फुडं काय?"

तेवढ्यात रवींद्र आला. रवींद्र हा दादासोचा धाकटा भाऊ. भुवयांवर पीठ, कानाच्या पाळ्यांवर पीठ. वालचंदनगरच्या रस्त्याला त्याची पिठाची गिरणी आहे, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत पाटी आहे: 'रवींद्र जोतीराम, एम.ए. (इतिहास)'. गावात गिरण्या तीन. पण बायका पोरांना सांगतात, एम.ए.कडनं दळून आण, बारीक निघतं.

सरुबाईला आयताच पुरावा सापडला. "ह्यो बघा! दोन वर्सं पुण्याला ऱ्हाऊन आला. आता काय करतोय? ज्वारी दळतोय."

"गहू बी दळतो," रवींद्र म्हणाला.

"हसण्यावारी नेऊ नकोस रव्या. तुझ्या एम.ए.नं काय दिलं ते सांग पोरीला, खरंखरं."

रवींद्रानं सुकन्याकडं पाहिलं. नोकरीसाठी शाळा-कॉलेजांचे उंबरे झिजवून शेवटी त्यानं गिरणी टाकली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर बोलायला त्याला कधीच आवडायचं नाही. त्यानं नुसते कपडे झटकले आणि तो म्हणाला, "नोकरीसाठी करणार असशील तर नको करू, सुकन्या. भरवसा न्हाय."

सुकन्याला आत्याचं काही वाटलं नाही, पण हे लागलं. रवींद्रनाना आपल्या बाजूचा आहे असं ती धरून चालली होती. आख्ख्या घरात इंग्रजी पुस्तक उघडून बघणारा तोच एक माणूस.

"आबांना इचारा," दादासो गोठ्यातून ओरडला.

आबा, म्हणजे जोतीराम, सत्तरी ओलांडलेले. एके काळी दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. आता घरात ट्रॅक्टर आला, ऊस आला, पण आबांनी थोडकी का होईना मेंढरं ठेवलीच होती. त्यांच्याविना झोप लागत नाही म्हणत. आबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, तंबाखू मळली, आणि बराच वेळ मळतच राहिले. खरं सांगायचं तर त्यांना काहीच सुचत नव्हतं.

"उद्या रैवार हाय," ते शेवटी म्हणाले. "बिरोबाला कौल लावू. उजवा पडला तर पुणं. डावा पडला तर माळेगाव."

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. दादासो तर गोठ्यातून बाहेरसुद्धा आला.

"आबा, देवाला केमिस्ट्री काय कळतीय?" सुकन्या म्हणाली.

"सुकन्ये!" आतून तिच्या आईचा, केसरबाईचा, आवाज आला. त्या दिवसभरात केसरबाई तेवढंच बोलली. सरुबाईनं मान डोलावली. भावजय आपल्याच बाजूची आहे, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

*

रविवारी सकाळी सुकन्याला तिचा कॉलेजचा पांढरा कोट सापडेना. प्रयोगशाळेत घालायचा तो. दोरीवर नाही, फळीवर नाही, पत्र्याच्या कपाटात नाही. देवानं काही का म्हणेना, आपली तयारी असावी म्हणून ती गुपचूप सामान गोळा करत होती.

"आई, माझा पांढरा कोट बघितलास?"

"मला काय ठावं?" केसरबाई पुरण वाटत होती. तिनं मान वर केली नाही. "निवदाचं ताट उचल आधी. म्हातारं कवाचं दारात उभं ऱ्हायलंय."

झालं. कोटाचीसुद्धा ह्या घरात कुणाला किंमत नाही, असं मनाशी म्हणत सुकन्यानं ताट उचललं. केसरबाई मात्र देवळाकडं आली नाही. पोळ्या लाटायच्या आहेत, म्हणाली.

बिरोबाचं ठाणं गावाबाहेर माळावर. पुजारी अप्पानं भंडारा उधळून ठेवला होता. आमच्याकडची कौलाची रीत साधी आहे. दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, देवाच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा चिकटवायच्या, आणि मनातलं विचारायचं. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. विचारायचा मान घरातल्या थोरल्याचा. आबा गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात हा कौल लावत आले होते.

आबा पुढं बसले. त्यांच्या खांद्याशी ताट धरून सुकन्या. मागं दादासो आणि रवींद्र, आणि त्यांच्याही मागं सरुबाई, कारण वाटेत तिच्या पायात काटा मोडला होता आणि ती तो काढत होती. अप्पानं कळ्या चिकटवल्या. आबांनी डोकं टेकलं आणि ते पुटपुटायला लागले. मागच्यांना फक्त गुणगुण ऐकू येत होती. सुकन्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"बिरोबा, औंदा बी मेंढरं तुझ्याच हवाली. गाभण हायती त्या नीट सुटू दे. कोकरं जगू दे, रोगराई येऊ देऊ नको. राखणार असशील तर उजवा दे माझ्या बाबा."

सुकन्या पुढचं ऐकायला वाकली. आता पुण्याचं विचारतील, आता माळेगावचं विचारतील. पण आबांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि गप्प झाले. संपलं. आबांनी मेंढरांचंच विचारलं होतं, दरवर्षीसारखं. सुकन्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कौल लागलेला असताना बोलायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ती कळ्यांकडं बघत राहिली. बारामतीला प्रयोग करताना ती अशीच थांबायची. काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा, आणि कुठल्या तरी एका थेंबाला खालचं सगळं पाणी गुलाबी होतं. तो थेंब कुठला असेल ते आधी कळत नाही, आणि बघणाऱ्याला श्वास घ्यायची आठवण राहत नाही. तेवढ्यासाठी तर तिला पुण्याला जायचं होतं. पण हे इथं कुणाला सांगायचं? नोकरी लागेल का, नवरा मिळेल का, एवढंच तर सगळे विचारत होते.

उजवी कळी हलली, घसरली आणि टप्पकन खाली पडली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अप्पा ओरडला. दादासोनं हात वर केले. रवींद्र उगाचच खोकला.

"थांबा थांबा," सरुबाई काटा टाकून पुढं आली. "उजवा म्हंजी देवाचा उजवा का आपला उजवा? मला हितनं डावा दिसतोय."

"आक्का," अप्पा म्हणाला, "आजवर देवाचाच उजवा धरत आलोय. आज एकदम तुमचा कुठनं आला?"

*

परत येताना आबा सगळ्यांच्या मागं चालत होते. ओढ्यापर्यंत ते खुशीत होते. ओढ्यात पाय घातला आणि त्यांना एकाएकी आठवलं. मी विचारलं काय? पोरीचं विचारलंच नाही!

आबांनी पुन्हा आठवून बघितलं. मेंढरं, गाभणी, कोकरं, रोगराई. बस. भंडाऱ्याचा वास नाकात गेला की तोंडातनं तेच निघायचं, इतकी वर्षं. आता परत जाऊन विचारावं? आणि डावा पडला तर? त्या विचारासरशी म्हाताऱ्याचा पाय ओढ्यातच असा थबकला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. म्हणजे आपल्याला पोरगी पुण्याला जायला हवी आहे तर! हे काल कळलं असतं तर देवाला तरी कशाला उठवलं असतं? ह्या पोरीनं लहानपणी एकेका कोकराला नाव ठेवलं होतं आणि हाक मारली की ती कोकरं खरंच यायची. आबांनी इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकलेलं नाही. त्यांनी तंबाखूचा बार भरला आणि गप्प बसायचं ठरवलं.

*

जेवायला सगळे एका ओळीत बसले. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी. दादासो इतका खुशीत कुणी बघितला नव्हता. डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखा तो मोकळा झाला होता.

"आता माझ्या हातात काय न्हाय," तो दुसरी पोळी घेत म्हणाला. "देवानंच सांगितलं, एम.एस्सी. कर. माळेगावच्यांना बी तेच सांगू. उद्या पोरीचं काय बरं-वाईट झालं तर देव बघून घील. मला कुणी बोल लावायचा न्हाय."

सुकन्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"आणि कौल काय कायमचा नसतोय," सरुबाई म्हणाली. ती एवढ्यात हरणारी नव्हतीच. "दर आमुशेला मी अप्पाला कौल लावायला सांगीन. ज्या आमुशेला डावा पडंल, त्या आमुशेला पोरीला मागं आणायची."

"व्हय, तसं बी चालंल," दादासो म्हणाला. त्याला काहीही चाललं असतं.

सुकन्याला पुढचं सगळं स्पष्ट दिसायला लागलं. आपण पुण्याला, आणि इकडं दर अमावास्येला दोन कळ्या. परीक्षा तोंडावर आणि दारात दादा उभे, चल, डावा पडला. आयतं हाती आलंय ते गप्प घ्यावं, असं एक मन म्हणत होतं. बुधवार उजाडू दे, प्रवेश होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते. पण 'देव बघून घील' हे तिला गिळवेना. पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बापानं शेवटी आपल्याला कुणाच्या तरी हवाली करून हात धुवावेत, ह्याचा तिला खरोखर राग आला.

"दादा, देवानं माझं काय बी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "आबांनी मेंढरांचा कौल घेतलाय."

सगळी पंगत थांबली.

"तुला ऐकू गेलं व्हय गं?" आबा म्हणाले.

आता ह्याच्यापेक्षा जास्त कबुली काय द्यायची माणसानं? रवींद्राला हसताना ठसका लागला, गुळवणी नाकात गेली, दादासो त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागला. सरुबाई पुरणाच्या हातानिशी उभी राहिली.

"चला! उठा! परत चला देवळात!"

"बस खाली," आबा म्हणाले. "एका दिशी दोनदा इचारत नसत्यात. देव म्हंजी काय रव्याची गिरणी हाय, की आणलं दळण आणि वतलं?"

"मंग आता?"

"मला परत कौल नको," सुकन्या म्हणाली. "दादा, मला तुमचं ऐकायचंय. नको म्हणलासा तर न्हाय जाणार. माळेगावला सुपारी फोडा, मी तोंड वाकडं करणार न्हाय. पर तुमच्या तोंडानं म्हणा. देवाच्या न्हाय, आबांच्या न्हाय. तुमच्या."

दादासोनं ताटाकडं बघितलं. मग गोठ्याकडं बघितलं. "गाईस्नी वैरण घालायची ऱ्हायली," तो म्हणाला.

"घातलीया मी," आतून केसरबाई म्हणाली.

दादासो उठता उठता परत बसला.

आबांनाच त्याची दया आली. "माझ्यापासनं धरा," ते म्हणाले. "मी उजवा. ओढ्यातच कळलं मला."

मग रवींद्र. त्यानं डोळे पुसले. पाणी हसण्याचंच होतं, पण पुसायला जरा जास्तच वेळ लागला. "काल मी सांगितलं ते खोटं न्हाय," तो म्हणाला. "एम.ए.नं मला नोकरी दिली न्हाय. पर ती दोन वर्सं मी जसा जगलो, तसा आधी कवा जगलो न्हवतो आणि नंतर बी न्हाय. सकाळी उठायचं आणि आवडतंय तेच करायचं. आज बी गिरणीचा पट्टा फिरत असतो तवा माझ्या डोक्यात काय चालू असतंय, ते तुमाला कुणाला ठावं न्हाय. पाटीवर एम.ए. लिव्हलंय ते गिऱ्हाइकासाठी न्हाय लिव्हलं. माझ्यासाठी लिव्हलंय." तो सुकन्याकडं वळला. "नोकरीचा भरवसा न्हाय, हे मी परत सांगतो. आणि तरी उजवा."

सुकन्यानं मान खाली घातली. कालचा तिचा सगळा राग कुठच्या कुठं गेला.

"माझा डावा," सरुबाई म्हणाली. "लिवून घ्या. आणि का ते बी ऐका. पोरगी शिकून बसली आणि लगीन जमलं न्हाय, तर लोक पैल्यांदा आत्याला इचारत्यात. आणि दुसरं…" इथं तिचा आवाज एकदम बसला. "लगीन होऊन माळेगावला गेले तवापासनं त्या गावात माझं म्हणावं असं माहेरचं एक माणूस न्हाय. वाटलं, ही आली तर दोन घरं सोडून असंल. दुपारची चालत येईल. एवढंच हुतं माझं."

सुकन्या उठून आत्याच्या शेजारी जाऊन बसली. सरुबाईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "तूप वाढ गं जरा."

आता दादासो राहिला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि त्याला सुटकेची शेवटची फट सापडली.

"अगं," त्यानं आत हाक मारली, "तुझं काय म्हणणं हाय?"

केसरबाई दारात आली. हाताला पीठ तसंच. "मला इचारताय?"

"व्हय, तुलाच."

"बरं सुचलं." ती आत गेली. काहीतरी ओढल्याचा खरखराट झाला आणि पत्र्याची ट्रंक घेऊन ती परत आली. बावीस वर्षांपूर्वी तिच्या माहेराहून आलेली, झाकणावर मोर काढलेली. "सकाळीच भरलीय मी. तुमी समदी देवळाकडं गेलासा तवा."

"बघा!" सरुबाईचा चेहरा उजळला. "मी म्हणत न्हवते? केसर माझ्या बाजूची हाय. सासरी जाणाऱ्या पोरीची ट्रंक आई अशीच आधी भरून ठेवती."

"उघड," केसरबाई सुकन्याला म्हणाली.

सुकन्यानं झाकण उघडलं. सगळ्यात वर तिचा पांढरा कोट होता. धुतलेला, खळ घातलेला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला, घडी अशी की सुरी फिरवल्यागत.

दादासोनं वाकून कोट उचलला. बाहीवर तांबूस डाग होते. "हे कशाचं?"

"ॲसिडचं," सुकन्या म्हणाली.

"तीनदा घासलं," केसरबाई म्हणाली. "जात न्हाईत. ऱ्हाऊ द्यात. तितल्या पोरींना कळंल, ही काम करून आलीया." मग ती नणंदेकडं वळली. "वन्सं, सासरी ह्यो कोट कशाला लागतोय, सांगा बरं?"

सरुबाईनं वाद सोडून ताटातली पोळी मोडली. असं आजवर झालेलं नव्हतं.

दादासो कोट हातात धरून उभा होता. बाहीवरच्या डागावर तो अंगठा फिरवत राहिला, मातीचा पोत बघावा तसा. मग त्यानं तो परत ट्रंकेत ठेवला. त्याच्या हातानं घडी जरा बिघडलीच.

"उजवा," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. "माझा उजवा. बुधवारी मी सोताहून पोचवायला जातो. आणि कुणी इचारलं तर देवाचं नाव सांगू नका. बापानं धाडली म्हणा."

सुकन्याला त्याच्या पाया पडायचं होतं, पण तिला एकदम रडूच आलं, आणि ते बघून दादासो गोठ्याकडं निघाला. ह्या खेपेला त्याला कुणी अडवलं नाही.

"ते समदं झालं," सरुबाई थोड्या वेळानं म्हणाली, "पर उद्या ती माणसं यायची हायती! आत्ता वालचंदनगरला जाऊन फोन करायला पायजे. त्यांना सांगू काय मी? कौल लावायला गेलो हुतो, हे महिपतीच्या आईला कळल्याबिगर ऱ्हायचं न्हाय. देवानं काय सांगितलं, म्हणून पैल्यांदा इचारंल ती."

केसरबाईनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि तिच्यावर तुपाची धार धरली.

"सांगा की, देवानं मेंढरांचं बघितलं," ती म्हणाली. "पोरीचं आमी बघितलं."